धोरणाचा कायदा कसा होतो?



प्रवेशाचे दिवस आले की शिक्षण हक्क कायद्याची चौकशी सुरू होते. हा कायदा कसा घडला, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक नामदार गोखले यांनी १९११ साली मांडले होते. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. पुढे राज्यघटनेने दहा वर्षांत हे साधण्याचा 'प्रयत्न' करावा असे सांगितले. पण प्रयत्नाबद्दल कोर्टात जाब विचारता येत नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा तो मूलभूत हक्क झाला. आता हवा होता कायदा.

धोरण ठरले की संबंधित मंत्रालय प्रस्ताव तयार करते व इतर मंत्रालयांची मते घेते. विधी मंत्रालयातील विधायी विभाग त्याची कलमे लिहितो. मंत्रिमंडळाच्या मंजुरीनंतर विधेयक संसदेत जाते. शिक्षण हक्क विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, २००९ मध्ये संमत झाले आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला.

खरी कसोटी शब्दांची असते. खासगी शाळांनी दुर्बल घटकांना 'काही जागा' द्याव्यात असे लिहिले असते, तर एक जागा देऊनही शाळा सुटली असती. म्हणून कायद्यात 'किमान पंचवीस टक्के' असे आहे.

विद्यार्थ्यांनो, 'शाळेत वेळेवर यावे' हा नियम असा लिहून आणा, की त्याचा दुसरा अर्थ निघणार नाही. उत्तम मसुदा आम्ही सूचना फलकावर लावू.

— प्राचार्य