गिटारी कापून घडवलेली इमारत

आवाजाचं संग्रहालय बांधायचं कसं? चित्र भिंतीवर टांगता येतं, मूर्ती चौथऱ्यावर ठेवता येते. सूर मात्र वाजला की संपला. सिएटलमधल्या संग्रहालयाचं काम आलं तेव्हा वास्तुशिल्पी फ्रँक गेरी यांनी इलेक्ट्रिक गिटारी विकत आणल्या, त्यांचे तुकडे केले आणि ते तुकडेच एकमेकांवर रचत इमारतीचा आकार शोधला!

या सगळ्याचं मूळ एका चाहत्याच्या वेडात होतं. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन शाळकरी वयापासून रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवर जीव टाकायचे. दोघंही सिएटलचेच. १९६९ साली वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात हेंड्रिक्सनं जी पांढरी फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर गिटार वाजवली, ती ॲलन यांनी मिळवली आणि एकट्या हेंड्रिक्सचं संग्रहालय काढायचं ठरवलं. पुढे ती कल्पना वाढत वाढत सगळ्या अमेरिकी लोकप्रिय संगीतापर्यंत पोचली.

ती पांढरी गिटार नीट बघण्यासारखी आहे. ती उजव्या हातानं वाजवणाऱ्यांसाठी बनवलेली, हेंड्रिक्स डावखुरा. त्यानं ती सरळ उलटी धरली आणि तारा उलट क्रमानं चढवल्या. आता गंमत बघा. तारांचं कंपन टिपणारे पिकअप त्यांच्या खाली बसवलेले असतात आणि घोडीजवळचा पिकअप मुळातच तिरका असतो. गिटार उलटली की त्याचा तिरकेपणाही उलटतो. मग खर्जाच्या तारांचं कंपन घोडीच्या जवळून टिपलं जातं आणि त्यांना धार येते. बारीक तारांचं जरा लांबून, म्हणून त्या मऊ वाजतात. त्याच्या बोटांची जादू वेगळीच, पण नादात या उलटेपणाचाही वाटा आहे.

गेरींच्या आराखड्यात सरळ भिंत शोधूनही सापडत नाही. असली वळणं कागदावर मांडणं अवघड, म्हणून विमानं घडवण्यासाठी वापरलं जाणारं कॅटिया हे सॉफ्टवेअर कामाला लावलं. बाहेरून स्टेनलेस स्टील आणि रंगीत ॲल्युमिनियमचे सुमारे २१,००० पत्रे, प्रत्येक वेगळ्या मापाचा. लाल, निळा, सोनेरी, चंदेरी आणि हेंड्रिक्सच्या ‘पर्पल हेझ’ या गाण्याची आठवण करून देणारा जांभळा. शहराची मोनोरेल तर चक्क इमारतीच्या पोटातून जाते. समीक्षकांनी या आकारावर सडकून टीका केली. मला तो आवडतो. रॉक संगीताला चौकोनी खोका शोभला नसता.

२३ जून २००० रोजी ‘एक्स्पिरिअन्स म्युझिक प्रोजेक्ट’ उघडलं. फीत कापण्याऐवजी ॲलन यांनी काचशिल्पी डेल चिहुली यांनी घडवलेली काचेची गिटार फोडली. मंचावर गिटारी फोडणाऱ्या, जाळणाऱ्या हेंड्रिक्सला याहून योग्य सलामी कोणती? आतल्या मोठ्या दालनाचं ‘स्काय चर्च’ हे नावही त्याच्याच कल्पनेतून आलेलं: सगळ्यांनी संगीतासाठी एकत्र यावं अशी जागा. २०१६ पासून संग्रहालयाला ‘म्युझियम ऑफ पॉप कल्चर’ म्हणतात.

पण मला सर्वांत थक्क करतं ते इथलं ट्रिम्पिन या कलाकाराचं शिल्प. शेकडो वाद्यांचा, बहुतेक गिटारींचाच, वावटळीसारखा वर चढत गेलेला प्रचंड स्तंभ. त्यातल्या कितीतरी गिटारी वाजतातसुद्धा. संगणकाच्या हुकमानं यंत्रं तारा दाबतात, छेडतात. आणि तार उतरली, तर गिटार स्वतःच स्वतःला सुरात लावून घेते.