मदतीची तीन दारे



मी अर्थशास्त्राचा पदवीधर नव्हे. सातवीत शाळा सुटली आणि हॉटेलच्या मोरीवर कपबशा विसळू लागलो. पुढे जे वाचले ते रात्री, सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा हॉटेल, पर्यटन आणि करमणूक ह्या धंद्यांना सरकार पैशाची मदत कशी करते, हा विषय मी मोरीच्या बाजूनेच मांडणार आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. गिरणी बंद पडली तर कापड गोदामात राहते, उद्या विकता येते. परंतु रिकामी गेलेली खोली किंवा न उठलेली राईसप्लेट उद्या विकता येत नाही. भाडे आणि व्याज मात्र चालूच राहते. म्हणून ह्या धंद्याला मदत द्यावी, याबद्दल माझे मालकांशी भांडण नाही. प्रश्न इतकाच की, ती कोणत्या दाराने आत यावी?

पहिले दार कर्जाचे. भारत सरकारने मे २०२० मध्ये तीन लाख कोटी रुपयांची तातडीची कर्जहमी योजना जाहीर केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेचे जे देणे असेल त्याच्या २० टक्के जादा कर्ज नव्या तारणाशिवाय मिळावे, आणि ते बुडाल्यास सरकारने भरून द्यावे, असे तिचे स्वरूप. मार्च २०२१ अखेर आपल्या ह्या धंद्यांसाठी ते प्रमाण ४० टक्के झाले. मुदत सहा वर्षे, पैकी पहिली दोन वर्षे मुद्दलाचा हप्ता नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पाने हमीची मर्यादा ५० हजार कोटींनी वाढवली आणि ती वाढ ह्याच धंद्यांसाठी राखली. आकडे मोठे खरे. पण हमी मिळाली बँकेला, मालकाला मिळाले ते कर्जच. शिवाय ज्या खाणावळवाल्या बाईच्या नावावर आधीचे कर्जच नव्हते, तिला शून्याचे ४० टक्के मिळाले!

दुसरे दार सवलतीचे. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये ह्या धंद्यांवरचा मूल्यवर्धित कर २० वरून ५ टक्क्यांवर आणला. ऑगस्टमध्ये सोमवार ते बुधवार हॉटेलात बसून जेवणाऱ्याचे निम्मे बिल, माणशी १० पौंडांपर्यंत, सरकारने भरले. पण अशी सवलत उपयोगी पडते ती गिऱ्हाईक आल्यावर. शटर खाली असताना कर माफ केला काय आणि न केला काय!

तिसरे दार मजुरीचे. घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत, ब्रिटिश सरकारने आरंभी स्वतः दिले. ही योजना सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत चालली आणि तिच्यावर सुमारे ७० अब्ज पौंड खर्ची पडले. कोणी म्हणेल, तो श्रीमंत देश. खरे आहे. पण दुसरेही कारण आहे. तेथे पगारातून कर मालकच कापून भरतो; त्यामुळे कामगारांची नावे सरकारी दप्तरी आधीच होती.

आपल्याकडेही हे दार अगदीच बंद नव्हते. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये शंभरापर्यंत कामगार असलेल्या आणि त्यांतील ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांच्या आत असलेल्या ठिकाणी, त्या कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची दोन्ही बाजूंची वर्गणी सरकारने भरली. राज्य कामगार विमा योजनेत, अटी पुऱ्या करणाऱ्या बेकाराला सरासरी मजुरीच्या ५० टक्के, ९० दिवसांपर्यंत, देण्याची सोय झाली.

टाळेबंदी सैल झाल्यावर आमच्या कचेरीत एक वेटर आला. अकरा वर्षे एकाच हॉटेलात. मी विमा क्रमांक विचारला. त्याने खिशातून बिलाचा एक कागद काढला. मागे मालकाच्या हातची उचल लिहिलेली. अकरा वर्षांच्या नोकरीचा तेवढाच पुरावा! माझ्यापुढे अर्ज होता आणि त्यात भरायला काही नव्हते.

मित्रहो, मदतीचे दार उघडले तरी आत शिरायला नाव लागते. संकट आल्यावर हजेरीपत्रक लिहून भागत नाही; ते आधी लिहिलेले असावे लागते. म्हणून माझे मागणे साधे आहे. ह्यापुढे सरकारी हमी किंवा सवलत मागणाऱ्या धंद्याने प्रथम आपले हजेरीपत्रक पुढे ठेवावे, आणि त्यात गल्ल्यावरच्या मॅनेजरापासून मोरीवरच्या पोऱ्यापर्यंत प्रत्येकाचे नाव असावे.