हलवायाच्या घरावरचे तुळशीपत्र

दान म्हटले की देणाऱ्याच्या खिशाला थोडी तरी झळ बसावी, अशी आपली समजूत. अमेरिकेतल्या काही राज्यांनी गेल्या पाव शतकात रुजवलेली शिष्यवृत्तीदानाची पद्धत मात्र वेगळी आहे. कंपनीने शिष्यवृत्ती निधीला लाख डॉलर द्यायचे आणि राज्याला भरायच्या करातून तेवढे लाख वळते करून घ्यायचे. आपल्या आयकर कायद्यात देणगी उत्पन्नातून वजा होते आणि कर थोडाफार हलका होतो. तिथे ती थेट करातूनच वजा होते. मग दाता कोण, कंपनी की सरकार?

सुरुवात 1997 मध्ये अॅरिझोनाने केली, पण ती व्यक्तींपुरती. कंपन्या या वाटेला लागल्या त्या 2001 मध्ये, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा या राज्यांत. पेनसिल्व्हेनियात देणगीच्या 75 टक्के करसवलत मिळे, दोन वर्षे देण्याची हमी दिली तर 90 टक्के. म्हणजे थोडी पदरमोड उरत होती. फ्लोरिडाने तीही ठेवली नाही. सवलत शंभर टक्के; मात्र साऱ्या कंपन्यांची मिळून सवलत वर्षाला 5 कोटी डॉलरच्या वर जायची नाही. शिष्यवृत्ती गरीब घरातल्या मुलांना, खासगी शाळेच्या फीसाठी.

हा वळसा कशासाठी, ते फ्लोरिडातच उमगले. सरकारी तिजोरीतून थेट फी भरणारी तिथली व्हाउचर योजना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2006 मध्ये रद्द केली. करसवलतीची योजना मात्र तरली. अमेरिकेतल्या बऱ्याच खासगी शाळा धार्मिक संस्थांच्या, आणि धर्मसंस्थांना सरकारी पैसा देण्यास अनेक राज्यघटनांची आडकाठी होती. कंपनीकडून परस्पर निधीत गेलेल्या पैशाला ती लागू पडते का, हा खरा वाद. 2011 मध्ये अॅरिझोनातला असाच खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: हा पैसा तिजोरीत आलेलाच नाही, म्हणून केवळ करदाते या नात्याने त्याविरुद्ध दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी भिन्नमत नोंदवले. तिजोरीतून रोख द्या किंवा करात सोडा, सरकारच्या खर्चात फरक काय, असा त्यांचा सवाल होता.

निकाल बाजूने लागत गेले, तशा मर्यादाही फुगल्या. 2010 च्या कायद्याने फ्लोरिडाची कमाल रक्कम मागणीनुसार आपोआप वाढू लागली. दशक सरता सरता ती 80 कोटी डॉलरच्या पुढे गेली. 2023 मध्ये तर तिथे उत्पन्नाची अटही गेली. ज्या गरिबांचे नाव पुढे करून योजना आली, त्यांच्या रांगेत आता सधनही उभे राहू शकतात.

मुलांचे काय झाले? अर्बन इन्स्टिट्यूटच्या 2017 च्या अभ्यासात फ्लोरिडाच्या लाभार्थ्यांचे कॉलेजात जाण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, तेही मुख्यतः दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत. शिष्यवृत्ती सरकारी शाळेतल्या दरडोई खर्चाहून कमी, म्हणून राज्याची बचतच होते, असे समर्थक सांगतात. पण जी मुले एरवीही खासगी शाळेतच गेली असती, त्यांच्यापुरती ही बचत कागदावरच राहते.

जुलै 2025 मध्ये केंद्रानेही असाच कायदा केला. 2027 पासून, सहभागी राज्यांतल्या निधींना देणगी देणाऱ्याला 1,700 डॉलरपर्यंत पूर्ण सवलत. पण ती व्यक्तींनाच, कंपन्यांना नाही.

या साऱ्या प्रवासात इलिनॉय सर्वांत बोलके. 75 टक्के सवलतीची तिथली योजना 2017 मध्ये आली आणि विधिमंडळाने मुदत न वाढवल्याने 2023 अखेर संपली. हजारो मुलांची शिष्यवृत्ती टांगणीला लागली. निधीला देणगी द्यायला तिथे आजही कोणाची ना नाही. बंद झाली ती फक्त करातली सूट.