प्रवेश मिळाला, पाठीशी कोण आहे?

माटुंग्यात मध्य रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला मुंबईतील काही नामांकित शिक्षणसंस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. १८८७ साली सुरू झालेली आणि १९२३ साली माटुंग्यात आलेली व्हीजेटीआय, तिच्या जवळच जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटीच असलेली आयसीटी, शिवाय रुईया, पोदार आणि खालसा. रुळांच्या पश्चिमेला, धारावीला लागून, माटुंगा लेबर कॅम्प आहे. बाबुराव बागूल लहानपणी नाशिकजवळच्या विहितगावातून या वस्तीत राहायला आले. इथूनच ते मॅट्रिकपर्यंत शिकले आणि तिथे त्यांचे शिक्षण थांबले. १९६३ साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला आणि मराठी कथेला आपली चौकट बदलावी लागली. अशा बुद्धीच्या मुलाला मॅट्रिकच्या पुढे नेणारे कोणी भेटू नये, ही त्या काळाची शिक्षणव्यवस्था होती.

आज आरक्षण, शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपमुळे लेबर कॅम्पमधला, वडाळ्याच्या चाळीतला किंवा यवतमाळच्या पाड्यावरचा मुलगा रुळांच्या या बाजूला येऊ शकतो. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) यादीत नाव लागते, पेढे वाटले जातात आणि समाजाला वाटते की काम झाले. खरे तर तिथून काम सुरू होते. घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याला हक्काने प्रश्न विचारता येईल असे वडीलधारे माणूस तिथे आहे का, यावर त्याची पुढची चार वर्षे ठरतात.

चर्नी रोडच्या बागेतील शिक्षक

याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईतच आहे. एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी होते आणि भीमराव आंबेडकरांना तिथे प्रवेश मिळाला होता. तरीही एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुलांनी गलका केला. संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना फारशी घ्यावी लागली. शाळेत जागा मिळाली होती, पण मान मिळाला नव्हता.

त्याच काळात हा मुलगा संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर तिथे येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, काय वाचतोस ते विचारले आणि आपल्याकडची पुस्तके द्यायला सुरुवात केली. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा भरली. तिथे केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ साली बडोदा संस्थानाच्याच मदतीने आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

केळुसकरांनी चार गोष्टी केल्या. मुलाची दखल घेतली, पुस्तके दिली, त्याच्या यशाचे चारचौघांत कौतुक केले आणि आपली ओळख त्याच्यासाठी वापरली. मार्गदर्शक म्हणून आजही याहून वेगळे काही करायचे नसते. फरक एवढाच की ही भेट योगायोगाने झाली. ज्या हजारो मुलांना बागेत केळुसकर भेटले नाहीत, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

योगायोगाची संस्था केली

बाबासाहेबांनी हा योगायोग संस्थेत बांधला. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. १९५० साली औरंगाबादेत कॉलेज निघाले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. तिथे म. भि. चिटणीस यांच्यासारख्या प्राचार्यांनी मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या मुलांना लिहिते केले, रंगमंचावर उभे केले. माटुंग्याला लागून असलेल्या वडाळ्यात सिद्धार्थ विहार वसतिगृह होते. मोठी मुले धाकट्यांना वाचायला पुस्तके द्यायची, रात्र रात्र वाद चालायचे. १९७२ साली जन्मलेल्या दलित पँथरच्या घडणीत या वसतिगृहातील चर्चांचा मोठा वाटा आहे. मिलिंदमध्ये शिकलेले सुखदेव थोरात २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

पँथर हे नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले होते, पण दलित आणि कृष्णवर्णीय चळवळींचे नाते त्याहून जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामीची प्रथा संपवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. दोन्ही समाजांना एकमेकांचे प्रश्न ओळखीचे वाटत होते.

म्हणून अमेरिकेत पुढे काय झाले ते आपण नीट पाहिले पाहिजे. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल ऐतिहासिक होता. परंतु एकत्रीकरण करताना दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांतल्या हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना, मुख्याध्यापकांना घरी बसवले गेले. मुले नव्या वर्गात गेली आणि त्यांना ओळखणारी, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणारी माणसे मागेच राहिली. याची किंमत आता मोजली जात आहे. टेनेसी राज्यातील शाळांच्या माहितीवर झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात असे दिसले की, पहिल्या काही इयत्तांत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तरी कृष्णवर्णीय मुलांचे शालान्त शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. साउथ कॅरोलायनात क्लेमसन विद्यापीठाने २००० साली ‘कॉल मी मिस्टर’ हा उपक्रम सुरू केला. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना फीसाठी मदत, सोबतीला गट, अनुभवी मार्गदर्शक आणि नोकरी मिळवताना साहाय्य, असे सगळे तिथे एकत्र दिले जाते.

वर्गात आडनाव विचारल्यावर

भारतातला पुरावाही कमी बोलका नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कोणाला माहीत नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांसमोर नाव-जात पुकारल्यावर दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या जवळपास एक-चतुर्थांशाने घटली. मुले तीच, कोडी तीच. बदलले होते ते फक्त भोवतीच्यांचे पाहणे.

महाविद्यालयांत जात अशीच, वेगळ्या शब्दांत, विचारली जाते. ‘रँक काय?’, ‘कॅटेगरीतून का?’ पहिल्या आठवड्यात सहज विचारलेला असा प्रश्न पुढे वर्षभर हात वर करू देत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला भौतिकशास्त्र समजत असते, पण इंग्रजीतून चाललेले व्याख्यान हुकते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती अडकली की मेसचे बिल थकते, जात पडताळणीच्या कागदांसाठी गावी खेटे घालावे लागतात, आणि या गैरहजेरीला ‘मुलगा गंभीर नाही’ असे नाव पडते. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही, असे अनुसूचित जाती-जमातींच्या दोन-तृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांनी त्या समितीला सांगितले होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली नियम करून समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. त्यानंतरही २०१६ साली हैदराबादेत संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. नियमांची खरी अंमलबजावणी व्हावी म्हणून राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या त्यांच्या मातांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले.

शिक्षकालाही सोबत हवी

मार्गदर्शन करायचे तर करणारी माणसे हवीत. बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकायला इतर कॉलेजांतले विद्यार्थी येऊन बसू लागले, आणि त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातून ते पाणी पितात यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. आजची हरकत अधिक सभ्य भाषेत असते. राखीव जागेच्या मुलाखतीनंतर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि जागा पुढच्या जाहिरातीपर्यंत रिकामी राहते. जो निवडला जातो तो विभागात एकटा असतो. वंचित समाजातील प्रत्येक विद्यार्थ्याची अडचण त्याच्याकडे येते, मात्र या कामाची नोंद ना कार्यभारात होते ना बढतीच्या गुणांत. संशोधन निधीचा अर्ज कसा लिहायचा, कोणत्या परिषदेला जायचे, पीएच.डी. मार्गदर्शकाची मान्यता कशी मिळवायची, हे त्याला सांगणारे ज्येष्ठही हवेत.

महाराष्ट्रात या कामाला तरुणांनी हात घातला आहे. राजू केंद्रे यांचे एकलव्य इंडिया फाउंडेशन पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना देशातील आणि परदेशातील विद्यापीठांचे अर्ज भरण्यापासून मुलाखतीपर्यंत सोबत करते. वर्ध्यात अनूप कुमार यांनी उभी केलेली नालंदा अकादमी वंचित घरांतील मुलामुलींना केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करते. तिथून पुढे गेलेली मुले मागच्यांना हात देतात. एवढी मनुष्यशक्ती आणि पैसा असलेल्या महानगरातील कॉलेजांना हे अशक्य नाही.

माटुंग्यापासून सुरुवात करता येईल. प्रत्येक महाविद्यालयाने प्रथम वर्षाच्या इच्छुक विद्यार्थ्याला एक शिक्षक आणि एक वरच्या वर्गातील विद्यार्थी नेमून द्यावा, आणि त्या शिक्षकाचे तास कार्यभारात धरावेत. रँक आणि कॅटेगरी वर्गात विचारणे बंद व्हावे. शिष्यवृत्तीचा कोणता अर्ज कुठे अडकला आहे, याचा पाठपुरावा कार्यालयाने करावा, मुलाने नव्हे. समान संधी कक्षात कोण बसते, कधी भेटते, याची पाटी प्रवेशद्वाराशी लागावी. राखीव पदे किती, भरलेली किती, हे दरवर्षी जाहीर व्हावे.

हिंदू कॉलनी आणि पाच उद्यानांच्या परिसरात निवृत्त प्राध्यापक, अभियंते, रसायनतज्ज्ञ, बँक अधिकारी मोठ्या संख्येने राहतात. त्यांतले कितीतरी याच कॉलेजांचे माजी विद्यार्थी आहेत. त्यांना माझी विनंती आहे: आपल्या जुन्या कॉलेजात जा, प्राचार्यांना भेटा आणि एका विद्यार्थ्याची जबाबदारी मागून घ्या. महिन्यातून दोन तास, चार वर्षे. आरक्षणाने दार उघडायचे काम केले आहे. आत आलेल्याला पदवीपर्यंत आणि पुढे शिक्षकाच्या खुर्चीपर्यंत नेण्याचे काम आपले आहे.