भूमिगत चळवळ, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील (जालना परिसर)

भारतात विलीन होण्यास नकार देणाऱ्या हैदराबाद संस्थानाच्या राजवटीविरुद्ध १९४७-४८ या काळात झालेला गुप्त व अंशतः सशस्त्र लोकप्रतिकार. या चळवळीचे संघटन संस्थानाबाहेरील सरहद्द शिबिरे आणि संस्थानातील गावोगावचे साहाय्यक यांच्या जोडणीतून उभे राहिले. याच काळात संस्थानी सरकारने परदेशांतून शस्त्रे, पैसा आणि राजनैतिक पाठिंबा मिळविण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे लोकांतून वाढलेले गुप्त संघटन आणि बाहेरून आणलेले गुप्त साहाय्य या दोहोंचे राजकीय सामर्थ्य ताडून पाहण्यास हे प्रकरण विशेष उपयुक्त ठरते.

प्रादेशिक पार्श्वभूमी : जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हा भाग औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात होते. हे दोन्ही जिल्हे संस्थानाच्या पाच मराठी भाषिक जिल्ह्यांपैकी होत. जालना शहर मनमाड–काचीगुडा या मीटरमापी लोहमार्गावरील व्यापारी पेठ असल्याने माणसे, माल आणि बातम्या यांची येथे सतत ये-जा असे. उत्तरेस जाफराबाद व भोकरदन यांना लागून वऱ्हाडचा बुलढाणा जिल्हा आहे. वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिश प्रशासनाखाली गेल्यामुळे या दोन भागांत राज्यकारभाराची सीमा पडली. परंतु दोन्हीकडील भाषा, सोयरीक आणि आठवडी बाजार एकच राहिले. कागदावरील सीमा आणि लोकव्यवहार यांतील ही तफावत भूमिगत चळवळीला पुढे फार उपकारक ठरली.

संघटनाची पूर्वपीठिका : संस्थानात उघड राजकारणाला फारसा वाव नव्हता. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने सभा-संमेलनांवर कडक निर्बंध घातले होते. त्यामुळे ग्रंथालये, खाजगी शाळा, आखाडे आणि साहित्यविषयक मेळावे हीच सार्वजनिक जीवनाची केंद्रे बनली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर येथे भरले. हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. १९३८ मध्ये स्थापन होत असलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर सरकारने तत्काळ बंदी घातली. ती १९४६ मध्ये उठली. या आठ वर्षांत शिक्षक, वकील, विद्यार्थी व छोटे व्यापारी यांचे जे परस्परविश्वासाचे जाळे विणले गेले, त्यावरच पुढील भूमिगत कार्य उभे राहिले.

संघर्षाचा प्रारंभ : जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून संस्थान स्वतंत्र राहील असे सूचित केले. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन म्हणून पाळला. १५ ऑगस्ट रोजी हैदराबाद शहरात स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला आणि भारताचे प्रतिनिधी म्हणून क. मा. मुनशी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादेत दाखल झाले. त्याच महिन्यात स्वामीजींना पुन्हा अटक झाली. दरम्यान, लातूर येथे वकिली केलेल्या कासिम रझवी याच्या नेतृत्वाखाली इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची रझाकार ही निमलष्करी संघटना प्रबळ झाली. लूट, जाळपोळ आणि हत्या यांमुळे अनेक कुटुंबे संस्थानाबाहेर आश्रयास गेली.

शिबिरे व कार्यपद्धती : उघड नेते तुरुंगात असल्याने चळवळीची सूत्रे दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीकडे आली. गोविंदभाई श्रॉफ हे तिच्या प्रमुख सूत्रधारांपैकी होत. मुंबई प्रांत आणि मध्य प्रांत-वऱ्हाड यांच्या सरहद्दीवर शिबिरे उघडण्यात आली. मनमाड, अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) व सोलापूर या बाजूंस, तसेच बुलढाण्यापासून उमरखेडपर्यंत ही साखळी पसरली होती. शिबिरांत निर्वासितांची सोय, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण आणि बातम्यांचे संकलन ही कामे चालत. करोडगिरी नाके, पोलीस ठाणी व तारयंत्रणा यांवर हल्ले करणे, गावदप्तरे जाळणे, शिंदीची झाडे तोडून अबकारी उत्पन्न बुडविणे आणि सक्तीच्या धान्यवसुलीस म्हणजे लेव्हीस विरोध करणे, हे या कार्याचे नेहमीचे प्रकार होते. सत्तेचे उत्पन्न व तिचे दळणवळण तोडावे, म्हणजे गावपातळीवर तिचा अंमल आपोआप ढिला पडतो, हा त्यामागील विचार होता. नांदेडकडील उमरी येथील बँकेवर जानेवारी १९४८ मध्ये घातलेला छापा ही या काळातील सर्वांत गाजलेली कृती होय.

जालना परिसरात या कार्याचा भार मुख्यतः स्थानिक माणसांनी उचलला. निरोप पोहोचविणे, रात्रीच्या वाटा दाखविणे, भाकरी बांधून देणे, जखमींना लपविणे आणि शस्त्रे एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे ही कामे शेतकरी कुटुंबांवाचून अशक्य होती. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वर येथील दगडाबाई शेळके यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. एका ग्रामीण स्त्रीने घोड्यावर बसून सशस्त्र कार्यात भाग घ्यावा, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. जालन्याचे जनार्दनमामा नागापूरकर या संग्रामात हुतात्मा झाले.

भूमिगत कार्यात सर्व गट एकाच विचाराचे नव्हते. आर्य समाजाचे कार्यकर्ते, समाजवादी, साम्यवादी आणि स्टेट काँग्रेसमधील नेमस्त व जहाल यांची साधने व उद्दिष्टे वेगवेगळी होती. ४ डिसेंबर १९४७ रोजी निजामाच्या मोटारीवर बाँब टाकणारे नारायणराव पवार हे आर्य समाजी गटातील होते. सशस्त्र प्रतिकार अहिंसेच्या तत्त्वात बसतो काय, हा प्रश्नही कार्यकर्त्यांपुढे होता. संस्थानातील सर्व मुसलमान रझाकारांच्या बाजूचे होते, असेही नव्हते. भारतात विलीन होण्याचा पुरस्कार करणारे इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली.

परकीय साहाय्य : संस्थानी सरकारने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या कर्जरोख्यांच्या रूपाने दिल्याचे उघडकीस आले, तेव्हा भारत सरकारने तो ‘जैसे थे’ कराराचा भंग मानला. १९४८ च्या उन्हाळ्यापासून सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने लँकास्ट्रियन विमानांतून कराचीहून बीदर व वरंगळ येथे रात्री शस्त्रे उतरविण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधी याच कॉटनने ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यासाठी नागरी विमानातून जर्मनीची छुपी हवाई छायाचित्रे घेतली होती. हैदराबादचा उद्योग मात्र त्याने प्रामुख्याने व्यापारी लाभासाठी केला. पुढे ब्रिटनमध्ये त्याला त्याबद्दल दंडही झाला. हैदराबादच्या सेवेतील टी. टी. मूर हा पूर्वाश्रमीचा ब्रिटिश कमांडो अधिकारी सप्टेंबर १९४८ मध्ये स्फोटकांसह भारतीय सैन्याच्या हाती लागला. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नोंदविली.

संस्थानी सरकारचा प्रत्यारोप असा होता, की सरहद्द शिबिरे हाच भारताचा हस्तक्षेप आहे. या आरोपात तथ्यांश होता. लगतच्या प्रांतांतील प्रशासनाने शिबिरांकडे कानाडोळा केला आणि काही ठिकाणी त्यांना साहाय्यही केले, हे नंतरच्या आठवणींवरून व संशोधनावरून स्पष्ट झाले आहे. तथापि शिबिरांतील बहुसंख्य स्वयंसेवक संस्थानाचेच प्रजाजन होते आणि त्यांची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची व विलीनीकरणाची होती. बाहेरची मदत काढून घेतली तरी हे संघटन दुबळे होऊन का होईना टिकले असते. विमानांतून आलेल्या शस्त्रांमागे मात्र असा लोकाधार नव्हता.

लष्करी कारवाई व परिणाम : १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून निघाली. औरंगाबादच्या बाजूची जबाबदारी मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्यावर होती. १४ सप्टेंबर रोजी औरंगाबाद पडले. जालना येथे हैदराबादी फौजेने काहीसा चिवट प्रतिकार केला. त्यानंतर तेथे गुरखा पलटणीची तुकडी ठेवण्यात आली. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली आणि २२ सप्टेंबर रोजी सुरक्षा समितीकडील तक्रार मागे घेतली. पाच दिवसांत मोडलेल्या या राजवटीस आयात शस्त्रांचा काहीही उपयोग झाला नाही.

विजयाबरोबर एक काळी बाजूही आली. कारवाईच्या वेळी व नंतर अनेक ठिकाणी मुसलमान नागरिकांवर सूड उगविण्यात आला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या किमान २७,००० ते ४०,००० असावी असा अंदाज केला. उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना त्याची झळ सर्वाधिक लागली. औरंगाबाद जिल्हाही त्यातून सुटला नाही. हा अहवाल अनेक दशके सर्वसामान्यांस उपलब्ध नव्हता. रझाकारांचे अत्याचार आणि नंतरचे हे सूडसत्र या दोहोंची नोंद घेतल्यावाचून या काळाचा इतिहास पूर्ण होत नाही.

पैशाच्या एका व्यवहाराचा निकाल तर २०१९ मध्ये लागला. २० सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या लंडनमधील खात्यातील १० लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानच्या तेथील उच्चायुक्तांच्या नावे वळविण्यात आले होते. ही रक्कम शस्त्रपुरवठ्याचा मोबदला होती, हा पाकिस्तानचा युक्तिवाद लंडनच्या उच्च न्यायालयाने स्वीकारला नाही. व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंड झालेल्या या रकमेवरील भारत व निजामाचे वारस यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

तुलना व मूल्यमापन : भूमिगत संघटनाचे दोन प्रकार संभवतात. पहिला जनतेच्या गाऱ्हाण्यांतून उपजतो. १९४३–४६ मधील साताऱ्याचे प्रतिसरकार हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. दुसरा राज्यसंस्थेच्या गुप्तवार्ता खात्यांकडून घडविला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात संभाव्य सोव्हिएट आक्रमणाच्या भीतीने अशी गुप्त दले तयार ठेवण्यात आली. इटलीतील ‘ग्लादिओ’ या दलाचे अस्तित्व तेथील पंतप्रधान जूलिओ आंद्रेओत्ती यांनी १९९० मध्ये मान्य केले, तेव्हा लोकनियुक्त संसदेला न कळता अशी दले चालविणे कितपत उचित, यावर मोठा वाद माजला. प्रत्यक्षात या दोन प्रकारांची सरमिसळ होते, आणि पहिल्या प्रकारातही हत्यार हाती आल्यावर शिस्त सुटण्याचा धोका असतोच. अशा संघटनाची कसोटी दोन प्रश्नांनी लागते : ते कोणाच्या संमतीवर उभे आहे, आणि कार्य संपल्यावर ते उघड, कायदेशीर राजकारणात विलीन होते काय? स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते १९४८ नंतर सार्वजनिक जीवनात, शिक्षणसंस्थांत आणि वृत्तपत्रांत परतले. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संस्थानातील प्रजेने प्रथमच प्रौढ मताधिकार बजावला.

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. जालना शहरात टाऊन हॉल परिसरातील स्मृतिस्तंभाजवळ त्या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन करण्यात येते. वाटा दाखविणाऱ्या आणि भाकरी बांधून देणाऱ्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांची नावे मात्र कोणत्याही स्तंभावर कोरलेली नाहीत.