शेवटच्या पानावरचं कलम

तेंदूपत्त्याचा करारनामा कुणी वाचायला आणला की मी तो शेवटच्या पानापासून वाचते. पहिल्या पानावर भाव असतो. तो गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो, त्यासाठी वकील लागत नाही. शेवटच्या पानावर सह्यांच्या थोडं वर एक कलम असतं: या करारातून काही वाद उद्भवल्यास तो लवादाकडे सोपवला जाईल, लवाद खरेदीदार नेमील, कामकाज अमुक शहरात चालेल, आणि निर्णय उभय पक्षांवर बंधनकारक राहील. शहर अर्थातच खरेदीदाराच्या सोयीचं. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेच्या करारात ते रायपूर होतं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा समितीतली एक बाई म्हणाली, "रायपूरले जाऊन का करू आमी? तिथं आमाले वळखते कोन?" लवादाचं कामकाज कुठे चालावं यावर कायद्याच्या पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. बाईंनी विषय दोन वाक्यांत संपवला.

माझी वकिली नागपूरला कामगार न्यायालयात सुरू झाली. बिडी वळणाऱ्या बायका, गिरणीतले बदली कामगार, त्यांच्या युनियनची मागणीपत्रं, समझोते, थकलेली मजुरी. बिडीचं पान जिथून येतं त्या जंगलापर्यंत पोचायला मला बरीच वर्षं लागली. पोचले तेव्हा वाटलं होतं की इथे सगळं नव्याने शिकावं लागणार. कायदा नवा होता खरा, पण भांडण ओळखीचं निघालं.

कायद्याबद्दल आधी थोडं सांगते. वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. त्याआधी जंगलावर राज्य होतं ते १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं. जंगलातून काही घरी आणायचं तर ती सरकारची मेहेरबानी, आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते. नव्या कायद्याने दोन प्रकारचे हक्क मान्य केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक पट्टा मिळतो, तो जास्तीत जास्त चार हेक्टरचा, नवरा-बायको दोघांच्या नावाने. वारसाला जातो, विकता मात्र येत नाही. वर्तमानपत्रांत बातम्या येतात त्या बहुतेक या पट्ट्यांच्या.

दुसरा हक्क सामूहिक, आणि माझ्या मते तोच मोठा. गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखायचं, वाढवायचं, त्याचं व्यवस्थापन करायचं हा ग्रामसभेचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकीही गावाचीच. गौण म्हणजे किरकोळ असं समजू नका. बांबू, तेंदू, मोह, मध, लाख सगळं त्यात येतं.

पुराव्याच्या बाबतीतही हा कायदा शहाणा आहे. म्हाताऱ्या माणसांचा जबाब, जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा हेसुद्धा पुराव्यात धरतात. हे आकाशातून पडलेलं नाही. डहाणूकडच्या कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले होते, आणि निव्वळ कागद नाही म्हणून आदिवासींचा दावा फेटाळू नका, हा मुद्दा तिथे बरीच वर्षं आधीच लावून धरला गेला होता. संघटनेने रस्त्यावर आणि कोर्टात जे मागितलं ते पुढे नियमात आलं. कामगार कायद्याचा इतिहासही असाच आहे.

सामूहिक हक्काचा कागद देशात सगळ्यात आधी मिळवणाऱ्या गावांत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आहे. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून जास्त जंगलावर मेंढ्याचा हक्क मान्य झाला. पण बांबू तोडून विकायचा म्हटलं तर ट्रक नाक्यावरून पुढे जायला वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. बांबू हे गवत की झाड, यावर खातं अडून बसलेलं. मालकी गावाची आणि फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे, असा तो प्रकार होता. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने हे नियमातच आलं: परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देईल.

लोकांना २००९ चा कागद महत्त्वाचा वाटतो. मी युनियनवाल्यांत वाढलेली वकील, मला २०११ चं पुस्तक जास्त महत्त्वाचं वाटतं. का, ते तेंदूच्या हंगामात कळतं.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास खूटकटाई होते, म्हणजे तेंदूची झुडपं छाटतात, मग कोवळी, रुंद पानं फुटतात. मे महिन्यात पहाटे अंधारात घरंच्या घरं जंगलात. दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, एका पुड्यात सत्तर पानं. बोटं इतकी सरावलेली असतात की बाया बोलता बोलता बांधतात आणि सत्तराची एकाहत्तर होत नाहीत. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, न्यायचे. तिथे मुन्शी मोजून घेतो, वहीत लिहितो. मग पुडे उन्हात ओळीने मांडायचे, वाळले की उलटायचे, पाणी शिंपडून मऊ करायचे आणि गोणीत भरायचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. हे सगळं थोड्या दिवसांत उरकावं लागतं. एक अवकाळी सर आली की फळीवरचा माल डागाळतो.

त्या दिवसांत ठेकेदार गोडीत असतो, कारण पान त्याला हवं असतं आणि ते आठवडाभरही थांबत नाही. पुडे बांधणाऱ्यांची मजुरी तो फळीवर बऱ्यापैकी वेळेत देतो. ग्रामसभेची रॉयल्टी मात्र 'माल उचलल्यावर', 'लिलाव झाल्यावर', 'पुढच्या महिन्यात'. गोण्या एकदा त्याच्या गोदामात गेल्या की गरज उलटते. मग ग्रामसभेचा अध्यक्ष फोन करतो आणि तिकडून कुणी उचलत नाही.

अशीच एक थकबाकी माझ्याकडे आली. गाव लहान, रक्कम साधारण चार लाख. समितीच्या लोकांचा पहिला प्रश्न होता, "कामगार कोर्टात लावता येते का?" येत नाही. यात एक विचित्र गोष्ट आहे, ती मला अजूनही टोचते. पान तोडणारा माणूस मजूर होता तोवर मजुरी बुडाली तर जायला निदान एक ठरलेली जागा होती. वनहक्काने त्याला मालाचा मालक केला आणि मालक झाल्याबरोबर कायद्याच्या नजरेत तो व्यापारी झाला. आता थकलेली रॉयल्टी म्हणजे दोन व्यापाऱ्यांतलं देणं-घेणं. वनहक्क कायद्यात ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती अशी उतरंड आहे, पण ती दावे मंजूर करायला. खरेदीदाराने पैसे बुडवले तर काय, यावर कायदा गप्प आहे. तिथे शेवटच्या पानावरचं कलम बोलायला लागतं.

कलमात लवाद असला की दिवाणी न्यायालय सहसा तुम्हाला तिकडेच पाठवतं. आणि लवाद फुकट नसतो. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात नमुन्याचे दर दिलेत: पाच लाखांपर्यंतच्या वादाला लवादाची फी ४५,००० रुपये. एकटाच लवाद असेल तर वर आणखी पंचवीस टक्के. म्हणजे ५६,२५० रुपये. निम्मे आपल्या वाट्याला धरले तरी चार लाखांसाठी अठ्ठावीस हजार आधी काढा, रायपूरचं जाणं-येणं वेगळं. ठेकेदाराला हे गणित आधीच माहीत असतं.

त्याने स्वतःचाच माणूस लवाद नेमायचा प्रकार मात्र आता चालत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने पक्षकाराचा नोकर, सल्लागार, हितसंबंधी माणूस लवाद होऊ शकत नाही असं ठरलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याला एकतर्फी एकमेव लवाद नेमताही येणार नाही. दोघांत एकमत झालं नाही तर उच्च न्यायालय नेमतं. तरीही छापील करारांत जुनं कलम तसंच फिरत असतं, एकाची झेरॉक्स दुसऱ्याला. एक पळवाटही आहे. वाद उभा राहिल्यावर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तर तो माणूसही चालतो. म्हणून भांडण सुरू झाल्यावर ठेकेदाराकडून 'फक्त एक सही' मागायला कुणी आलं तर कागद आधी वाचून घ्या.

युनियनवाल्यांना हे सगळं शंभर वर्षांपूर्वी कळलेलं आहे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरण्यांत काय झालं बघा. प्लेगच्या काळात दिलेला बोनस मालकांनी बंद केला. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूने उभी त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन. आधी लवाद मंडळ नेमलं गेलं, पण ते मोडलं. मालक वीस टक्के वाढीवर अडले, गांधीजींनी पस्तीसची मागणी रास्त ठरवली. टाळेबंदी, संप, मग गांधीजींचं उपोषण. शेवटी ठरलं ते पुन्हा लवादाचंच, फक्त या वेळी दोघांना मान्य असलेले प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव. निकाल येईपर्यंतची तडजोड मोठी गमतीची आहे: पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी वीस, आणि तिसऱ्या दिवसापासून मधले साडेसत्तावीस. दोघांचीही प्रतिज्ञा राहिली! पुढे ध्रुवांनी निकाल दिला तो पस्तीस टक्क्यांचा.

ध्रुव निःपक्ष होते हे तर आहेच. पण पहिलं मंडळ मोडलं आणि दुसरा लवाद टिकला, याचं कारण मधे झालेल्या संपात आहे. कामगारांपाशी काम थांबवण्याची ताकद आहे हे सिद्ध झाल्यावर लवादाच्या दारात दोघं बरोबरीने उभे राहिले. उपोषणाचं दडपण मालकांवर आलं, ते न्याय्य होतं का, यावर गांधीजींनाच शंका होती. ती वेगळी गोष्ट.

ग्रामसभेचा संप म्हणजे वाहतूक परवान्याचं पुस्तक. गोणी फळीवर आहे आणि परवान्यावर सही झालेली नाही, तोवर ठेकेदार फोन उचलतो. म्हणून मी आता करारात लवादाच्या कलमाआधी दुसरं कलम घालायला सांगते: रॉयल्टीचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच तेवढ्या गोण्यांचा परवाना मिळेल. सही करणारे दोघं, त्यातली एक बाई असावी, असा माझा आग्रह असतो. सही करायला एकट्या पुरुषाला गाठून चहा पाजणं सोपं जातं, हे मी युनियनच्या कार्यालयात पुष्कळ पाहिलंय.

एकटं गाव हे कलम रेटू शकत नाही. ठेकेदार म्हणतो, "मग मी शेजारच्या गावातून घेतो." कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधली ती यासाठीच. लिलाव एकत्र, अटी सारख्या, मग शेजारचं गाव उरतच नाही. १९२६ च्या कायद्याखाली युनियनची नोंदणी करायला सात माणसं लागत. महाग्रामसभा काही युनियन नाही, आणि कुणी तिला युनियन करायलाही जाऊ नये. तिचा पाया गावाच्या जमिनीवरच्या हक्काचा आहे, वर्गणीच्या पावतीचा नव्हे. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात. आमच्या युनियनमध्ये एका मताने ठराव पास झाला की हरलेला गट दुसऱ्या दिवशी वेगळा झेंडा घेऊन दारात उभा! या बाबतीत कामगार पुढाऱ्यांनीच जंगलात जाऊन शिकवणी लावावी.

चार लाखांच्या त्या प्रकरणात आम्ही लवादाची नोटीस काढली, कारण मुदत संपत आली होती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अशा येण्याला कायद्याने तीन वर्षांची मुदत आहे, आणि 'पुढच्या हंगामात चुकतं करतो' असं तोंडी ऐकत ती सहज निघून जाते. लेखी कबुली घेतली तर मुदत नव्याने सुरू होते, पण तीही जुनी मुदत संपण्याआधीच घ्यावी लागते. नोटिशीत आम्ही रायपूरला हरकत घेतली आणि तिघांची नावं सुचवली. ठेकेदाराच्या वकिलाने उत्तर देण्याऐवजी फोन केला. रक्कम तीन हप्त्यांत द्यायचं ठरलं. व्याज सोडावं लागलं. गावात त्यावरून माझ्यावर रागावलेले लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

नवीन करार करणाऱ्या ग्रामसभांकडे मी आता एवढंच मागते: करार खूटकटाईच्या आधी पाठवा, पानं फुटल्यावर नव्हे. सोबत ठरावाची प्रत जोडा. शेवटच्या पानावरचं कलम सभेत मोठ्याने वाचून दाखवलं, असं ठरावात लिहा. लवादाच्या जागेसमोर गडचिरोली घाला. आणि ठेकेदाराने त्यावर हरकत घेतली तर त्याला विचारा, पान नेमकं कुठून उचलतोस म्हणून.