दोन रांगांमधील दुचाकी : सवलत की मर्यादा?

उत्तर दिल्लीच्या टेकडीवर महानगरपालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील आणि बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव यांच्या नावाने ते ओळखले जाते. विल्यम फ्रेझर यांच्या १८३५ मधील हत्येनंतर येथील वाडा हिंदूरावांच्या मालकीचा झाला. १८५७ च्या संग्रामात दिल्लीला वेढा घालणाऱ्या ब्रिटिश सैन्याची ही महत्त्वाची चौकी होती. आज या परिसराची ओळख निराळी आहे. एका बाजूस मलकागंज आणि सब्जीमंडी, दुसऱ्या बाजूस बाडा हिंदूराव, आझाद मार्केट आणि सदर बाजार अशा दाट वस्तीच्या व घाऊक व्यापाराच्या पेठा आहेत. येथील रस्त्यांवर बस, मोटारी, मालवाहू टेम्पो, ई-रिक्षा, हातगाड्या, दुचाकी आणि पादचारी एकाच वेळी वाट काढत असतात. सेंट स्टीफन्स रुग्णालय ते फिल्मिस्तान या दरम्यानचा राणी झाशी मार्गावरील उड्डाणपूल ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला. परंतु नवा पूल झाला तरी रस्त्याची उपलब्ध जागा कोणी, कशी आणि किती वेगाने वापरावी हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रश्नाचा एक भाग म्हणजे थांबलेल्या किंवा संथ वाहनांच्या दोन रांगांमधून दुचाकीने पुढे जाणे. भारतातील जवळपास प्रत्येक सिग्नलवर हे दृश्य दिसते. जगातील अनेक देशांनी गेल्या काही वर्षांत या प्रथेला कायद्याची चौकट दिली आहे. भारतातही तसे करावे काय, याचा विचार करताना प्रथम संकल्पना, नंतर कायदा आणि शेवटी पुरावा असा क्रम ठेवणे उपयुक्त ठरेल.

संकल्पना

वाहतूकशास्त्रात या संदर्भात दोन शब्दप्रयोग रूढ आहेत. वाहने थांबलेली असताना किंवा अत्यंत मंद गतीने सरकत असताना दुचाकीने कमी वेगात त्यांच्यामधून पुढे जाणे यास ‘लेन फिल्टरिंग’ म्हणतात. वाहने बऱ्यापैकी वेगात धावत असताना मार्गिकांच्या सीमारेषेवरून दुचाकी चालविणे यास सामान्यतः ‘लेन स्प्लिटिंग’ म्हटले जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात मात्र दुसराच शब्द दोन्ही प्रकारांसाठी वापरला आहे. काही ठिकाणी पहिल्या प्रकारास परवानगी दिली असून दुसरा प्रकार गुन्हा मानला आहे. या दोहोंमधील सीमा वेगाने ठरते.

भारतातील कायदेशीर स्थिती

यंत्रचलित वाहने हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर आहे. त्यानुसार मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्रीय कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम ११८ अन्वये वाहन चालविण्याविषयीचे विनियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. १९८९ चे जुने विनियम मागे पडून २०१७ मध्ये मोटार वाहन (चालन) विनियम अधिसूचित करण्यात आले.

या विनियमांचे सूत्र असे की, रस्त्यावर मार्गिका आखलेल्या असतील तर वाहन आपल्या मार्गिकेत ठेवावे, इशारा देऊनच मार्गिका बदलावी आणि पुढील वाहनापासून सुरक्षित अंतर राखावे. कोंडीच्या वेळी दोन रांगांमधून जाण्याची स्वतंत्र मुभा दुचाकीला देण्यात आलेली नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणांमधील कलम १७७क नुसार कलम ११८ खालील विनियमांचा भंग केल्यास ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो. कायद्याशी विसंगत रीतीने दुसऱ्या वाहनास ओलांडणे हे कलम १८४ मधील धोकादायक चालनाच्या व्याख्येत येते. तेथे पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

नियम असा असला तरी व्यवहार त्याच्या नेमका उलट आहे. देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत. त्या सर्वांनी मोटारीप्रमाणे एकामागे एक उभे राहावे, अशी अपेक्षा कोणी प्रत्यक्षात धरत नाही. परिणामी ताशी १० किलोमीटर वेगाने थांबलेल्या रांगेतून सरकणारा दुचाकीस्वार आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत्या वाहनांमधून वळणे घेणारा दुचाकीस्वार यांच्यातील फरक दैनंदिन अंमलबजावणीत पुसला जातो. अपघात झाल्यास मात्र नियमाचा आधार घेतला जातो. भरपाईच्या दाव्यात दुचाकीस्वाराच्या सहनिष्काळजीपणाचा मुद्दा पुढे येतो आणि भरपाईची रक्कम कमी होण्याचा धोका त्याच्या कुटुंबाला पत्करावा लागतो.

अन्य देशांचा अनुभव

कॅलिफोर्नियात ही प्रथा दीर्घकाळ चालू होती; तिला मनाई नव्हती आणि कायद्याची स्पष्ट मान्यताही नव्हती. २०१६ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०१७ पासून तिची व्याख्या केली आणि सुरक्षिततेच्या मार्गदर्शक सूचना तयार करण्याचा अधिकार तेथील महामार्ग पोलिसांना दिला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने सिडनीत २०१३ मध्ये चाचणी घेऊन १ जुलै २०१४ पासून फिल्टरिंगला मान्यता दिली. तेथील अटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. वेग ताशी ३० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. चालकाकडे पूर्ण परवाना असावा, शिकाऊ चालकास मुभा नाही. शाळांच्या परिसरात फिल्टरिंग करू नये. पदपथाची कड आणि रस्त्यावरील रांग किंवा उभी केलेली वाहने आणि रांग यांमधून जाऊ नये. वेगमर्यादा ओलांडल्यास तो स्वतंत्र अपराध ठरतो. क्वीन्सलँड आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी २०१५ मध्ये हाच मार्ग स्वीकारला.

बेल्जियमने २०११ मध्ये दुचाकीसाठी ताशी ५० किलोमीटरची कमाल मर्यादा घातली आणि शेजारील वाहनांपेक्षा २० किलोमीटरहून अधिक वेग असू नये असेही ठरविले. फ्रान्सने २०१६ पासून निवडक प्रांतांत प्रयोग केला आणि २०२५ मध्ये ही पद्धत नियमित केली. अमेरिकेतील युटा राज्याच्या २०१९ च्या कायद्यानुसार शेजारील वाहने पूर्ण थांबलेली असावी लागतात आणि दुचाकीचा वेग ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरपेक्षा अधिक असून चालत नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २०२२ पासून रुंद रस्त्यांवर दोन मार्गिकांमध्ये निळ्या रेषांनी दुचाकीची पट्टी आखण्याचा प्रयोग सुरू केला. मोठ्या संख्येने दुचाकी असलेल्या शहराचे उदाहरण म्हणून तो भारताला अधिक जवळचा आहे.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. कायद्याने प्रथेला मान्यता देताना तिच्याभोवती कुंपणही घातले.

पुरावा काय सांगतो?

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपघातग्रस्त ५,९६९ मोटारसायकलस्वारांची माहिती तपासली. त्यांपैकी ९९७ जण अपघातसमयी दोन रांगांमधून जात होते. या गटात मृत्यूचे प्रमाण १.२ टक्के, तर उर्वरित स्वारांत ३ टक्के आढळले. डोक्याला इजा होण्याचे प्रमाण अनुक्रमे ९ आणि १७ टक्के होते. दुचाकीला मागून धडक बसण्याचे प्रमाणही या गटात कमी होते. मात्र पुढील वाहनाला दुचाकीने मागून धडक देण्याचे प्रमाण अधिक होते. वाहतुकीचा वेग ताशी ५० मैलांपर्यंत आणि दुचाकीचा अतिरिक्त वेग १५ मैलांपर्यंत असेल तोवर ही पद्धत तुलनेने सुरक्षित राहते, वेगातील तफावत वाढली की इजा वाढते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. अभ्यास अपघात झालेल्यांचाच होता; त्यामुळे इजेची तीव्रता कळते, अपघात होण्याची शक्यता कळत नाही. शिवाय कॅलिफोर्नियातील महामार्गावर रांगांमधून अचानक पादचारी किंवा हातगाडी येत नाही.

दुसरा युक्तिवाद कोंडी कमी होण्याचा. बेल्जियममधील एका अभ्यासाने असा अंदाज बांधला की, १० टक्के मोटारचालक दुचाकीकडे वळल्यास कोंडीत वाया जाणारा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी घटेल. हा युक्तिवाद भारताला जसाच्या तसा लागू होत नाही. येथे दुचाकी पूर्वीपासूनच बहुसंख्य आहेत आणि रांगांमधील जागा त्या पूर्वीपासूनच वापरत आहेत. मान्यतेपासून मिळणारा वेळेचा लाभ भारताने कायद्याविनाच पदरात पाडून घेतला आहे. मिळवावयाची राहिली आहे ती सुरक्षितता.

अंतराचे आणि वेगाचे गणित

शहरी रस्त्यावरील मार्गिकेची प्रमाणित रुंदी साधारणतः ३.५ मीटर धरली जाते. मोटारीची रुंदी १.७ मीटर धरल्यास शेजारच्या दोन मार्गिकांच्या मधोमध उभ्या असलेल्या मोटारींत १.८ मीटर अंतर उरते. पाऊण मीटर रुंदीच्या दुचाकीला तेथे दोन्ही बाजूंस अर्ध्या मीटरहून थोडी अधिक जागा मिळते. मोटारींच्या जागी अडीच मीटर रुंदीच्या बस असतील तर अंतर एक मीटरच राहते आणि दुचाकीच्या प्रत्येक बाजूस जेमतेम १२ सेंटिमीटर जागा उरते. तीन मार्गिकांच्या १०.५ मीटर रुंदीत मोटारींच्या चार रांगा लागल्या, जे आपल्याकडे नेहमीचे आहे, तर मधले अंतर सुमारे ०.९ मीटरवर येते. दुचाकीची सुरक्षितता अशा प्रकारे मोटारचालकांच्या शिस्तीवरही अवलंबून असते.

वेगाचे गणित याहून महत्त्वाचे आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात ८ मीटरहून अधिक अंतर कापते. समोर मोटारीचा दरवाजा उघडला तर ब्रेक दाबेपर्यंतच हे अंतर संपते. वेग १५ किलोमीटर असेल तर अंतर निम्मे होते आणि आघाताची ऊर्जा एक-चतुर्थांशावर येते.

पादचाऱ्याची बाजू

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४,८९७ म्हणजे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या, तर ३२,८२५ पादचारी होते. दुचाकीस्वार आणि पादचारी हे दोन्ही रस्त्यावरील दुर्बल घटक आहेत आणि रांगांमधील अरुंद जागेत तेच एकमेकांसमोर येतात. रुग्णालयाच्या दारात थांबलेल्या दोन बसच्या मधून रस्ता ओलांडणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला दुचाकी दिसत नाही. दुचाकीस्वारालाही तो दिसत नाही. वाहने थांबली म्हणजे रस्ता सुरक्षित झाला, असा पादचाऱ्याचा समज असतो. म्हणूनच हिंदूरावसारख्या परिसरात दुचाकीला सरसकट मुभा देणे धोक्याचे ठरेल. शिवाय बाडा हिंदूरावच्या अरुंद रस्त्यांवर मार्गिकांचा नियम लावण्यास वावच थोडा. तेथे सर्वच वाहनांचा वेग कमी ठेवणे, पदपथ मोकळे करणे आणि माल चढविण्या-उतरविण्याच्या वेळा ठरविणे हेच उपाय लागू पडतात.

भारतासाठी संभाव्य चौकट

राणी झाशी मार्गासारख्या मोठ्या रस्त्यांसाठी मात्र मर्यादित मान्यतेचा विचार करता येईल. त्यासाठी पुढील अटी आवश्यक ठरतात. शेजारील वाहने थांबलेली किंवा जवळजवळ थांबलेली असावीत. दुचाकीचा वेग ताशी १५ ते २० किलोमीटरपर्यंत असावा. बस व मालमोटारींच्या मधून जाण्यास मनाई असावी. रुग्णालये, शाळा, बसथांबे आणि झेब्रा क्रॉसिंगच्या परिसरात मुभा नसावी. पदपथावर दुचाकी नेणे हा गंभीर अपराध मानावा. तैवानमध्ये सिग्नलच्या थांबरेषेपुढे दुचाकींसाठी स्वतंत्र चौकट आखलेली असते. तसा उपाय झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे केल्यास पुढे आलेल्या दुचाकींना थांबण्याची निश्चित जागा मिळेल. कलम १२९ मधील हेल्मेटची सक्ती तर मूलभूतच आहे. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

अंमलबजावणीत अधिकारांची विभागणी समजून घ्यावी लागते. चालन विनियमांत बदल करणे केंद्राच्या हाती आहे. कलम ११२ खाली वेगमर्यादा कमी करणे आणि कलम ११५ खाली विशिष्ट रस्त्यांवर वाहनांवर निर्बंध घालणे राज्य शासनास शक्य आहे. दिल्लीत पोलीस हा विषय अनुच्छेद २३९कक नुसार विधानसभेच्या कक्षेबाहेर असून वाहतूक पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, तर रस्ते महानगरपालिका आणि सार्वजनिक बांधकाम विभागासह अनेक यंत्रणांकडे विभागलेले आहेत. आंबेडकरनगर ते मूलचंद या मार्गावर २००८ मध्ये सुरू झालेली जलद बससेवा मार्गिका २०१६ मध्ये काढून टाकण्यात आली; १ एप्रिल २०२२ पासून बस आणि मालवाहू वाहनांना त्यांच्या मार्गिकेत ठेवण्याची मोहीम हाती घेण्यात आली. रस्त्यावरील रेषा टिकण्यासाठी तांत्रिक आखणीइतकीच सार्वजनिक संमती आणि सातत्यपूर्ण देखरेख आवश्यक असते, हे या दोन्ही अनुभवांतून शिकता येते.

समारोप

कोणीही पाळत नाही असा नियम हा नियम नसल्यासारखाच असतो. तो बेफिकीर चालकाला रोखत नाही आणि सावध चालकाला संरक्षण देत नाही. दोन रांगांमधून जाण्यास मान्यता देण्याचा खरा हेतू दुचाकीस्वारास घाई करण्याचा हक्क देणे हा असू शकत नाही. कोणत्या स्थितीत, किती वेगाने आणि कोठे हे करता येईल, याची मोजता येण्याजोगी सीमा आखणे हा तो हेतू होय. अशी सीमा असेल तर पोलिसांना कारवाईचा स्पष्ट निकष मिळेल, न्यायाधिकरणास दायित्व ठरविणे सुलभ होईल आणि चालक प्रशिक्षणात हा विषय शिकविता येईल. निवडक मार्गांवर चाचणी, तिच्यातील अपघातांची स्वतंत्र नोंद आणि त्यानंतरच विनियमांत बदल हा क्रम भारतासाठी श्रेयस्कर ठरेल. त्या चाचणीचे यश दुचाकीस्वारांची किती मिनिटे वाचली यावर न मोजता, पादचारी आणि दुचाकीस्वार यांचे किती प्राण वाचले यावर मोजले गेले पाहिजे.